घरी पुस्तकं किती?

मी रायपूरच्या एका सरकारी संस्थेत गणित शिकवते. मुलांना नाही, पुढे जे मुलांना शिकवणार आहेत त्यांना. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काम आलं आणि त्या कामातल्या एका साध्या प्रश्नानं माझ्या डोक्यात जो गोंधळ घातला, तो अजून पुरता निवळलेला नाही.

काम असं होतं. जगातल्या बऱ्याच देशांतली पंधरा वर्षांची मुलं एकाच धर्तीची परीक्षा देतात आणि मग देशांची यादी लागते. कोण वर, कोण खाली. आपली मुलं त्या परीक्षेला बसली तर कुठे उभी राहतील याचा आधी अंदाज घ्यावा, म्हणून रायपूर आणि अभनपूरकडच्या काही सरकारी शाळांत तशीच एक छोटी परीक्षा घ्यायचं ठरलं होतं. खरी परीक्षा नव्हे, रंगीत तालीम. ती घ्यायला जे लोक निवडले त्यांत मी होते.

नवा रायपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक तरुण अधिकारी होता, पुण्याकडचा, आकडेवारीचं काम बघणारा. तो तेलीबांध्याला आमच्याच बाजूच्या गल्लीत भाड्यानं राहत होता. मी मराठी आहे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला आणि चहाच्या सुट्टीत तो माझ्याशी मराठीत बोलू लागला. माझी पंचाईत झाली. आमचं घर मूळचं विदर्भातलं, वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला लागले म्हणून इथे आलेलं. आम्ही घरी मले-तुले बोलतो, बाहेर हिंदी. त्याच्यापुढे मी प्रत्येक वाक्य तोंडात आधी सरळ करून घेत होते.

त्यानं पडद्यावर देशांची यादी दाखवली. उंच शिडीसारखी. वरच्या पायऱ्यांवर बरेच छोटे देश होते, काही तर रायपूर जिल्ह्याएवढे असतील असं मला उगीच वाटलं. फार पूर्वी आपल्याकडची मुलं एकदा बसली होती, तेव्हा आपलं नाव खालून शोधावं लागलं होतं, हे त्यानं सांगितलं. मग त्यानं नियम सांगितले. कागदावर जे छापलंय तेच मोठ्यानं वाचायचं. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. मुलांनी काही विचारलं तर सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं, "जो तुम्हें सही लगे, वही लिखो." सगळ्या देशांत असंच करतात, तरच तुलना बरोबर होते. मला हे पटलं. गणिताच्या माणसाला असे नियम आवडतात.

मला गुढियारीची शाळा मिळाली. मी त्याच भागात वाढलेली. आमचा पारा, म्हणजे वस्ती, त्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणी मालगाड्यांचा आवाज थांबला की आम्हांला झोपेतून जाग यायची, एवढा तो सवयीचा होता.

शाळेचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. तीस मुलांची यादी आधीच आली होती, कॉम्प्युटरनं सोडत काढलेली. त्यांनी मला बाजूला बोलावून चार नावं बदलता येतील का, असं विचारलं. त्या चौघांच्या जागी त्यांची हुशार मुलं तयार बसली होती, डोक्याला तेल लावून. मी नाही म्हटलं. ते चिडले नाहीत. देशाची गोष्ट आहे मॅडम, एवढंच म्हणाले आणि आपल्या हुशार मुलांना त्यांनी वर्गात परत पाठवलं. मला वाईट वाटलं. ते फसवत होते असं मला वाटत नव्हतं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण चांगली चादर काढतो, तसं ते करत होते.

तीसपैकी सव्वीस आले. एकाला ताप होता, एक मुलगी लग्नाला गावी गेली होती. उरलेल्या दोघांची नावं हजेरीपटावर होती, पण ती मुलं बरेच महिने शाळेकडे फिरकली नव्हती.

पेपर दोन तासांचा होता. तो शांतपणे झाला. त्यानंतर घराबद्दल माहितीचा एक फॉर्म भरायचा होता. आई किती शिकली, वडील किती शिकले, अभ्यासाला टेबल आहे का, स्वतःची खोली आहे का. मुलं मान खाली घालून खुणा करत होती. मग तो प्रश्न आला. मी वाचला, "आपके घर में कितनी किताबें हैं?" खाली सूचना होती की एक मीटर फळीवर साधारण चाळीस पुस्तकं बसतात, आणि मासिकं, वर्तमानपत्रं आणि आपल्या शाळेची पुस्तकं धरू नयेत. त्याखाली चौकोन, एकही नाही इथपासून पाचशेहून जास्त इथपर्यंत.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या बोटांच्या पेरांवर सुतळीनं कापल्यासारख्या बारीक रेघा होत्या.

"मैडम, इसमें लिखा है अपने स्कूल की किताबें मत गिनो."

"हव," मी म्हटलं. इकडे हो म्हणायला हव म्हणतात.

"तो दूसरों के स्कूल की गिननी हैं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं सांगितलं की तिचे वडील कबाडी आहेत, म्हणजे रद्दी-भंगारवाले, घरात खूप पुस्तकं असतात, काही खोलीत, काही अंगणात, आणि त्यांतली बरीच शाळेची असतात, पण तिच्या शाळेची नाहीत. अंगण घरात धरायचं का, हेही तिनं विचारलं.

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर काही नव्हतं. मला स्वतःलाही उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "जो तुम्हें सही लगे, वही लिखो."

ती खाली बसली. बराच वेळ पेन्सिल चावत राहिली आणि मग तिनं शेवटच्या चौकोनात खूण केली. तिच्यामुळे बाकीच्यांना धीर आला. एकानं विचारलं की आजोबांची पोथी पुस्तकात येते का. दुसरीनं विचारलं की ताईची नर्सिंगची पुस्तकं धरायची का, ताई आता सासरी आहे, पुस्तकं इथेच आहेत. मी सगळ्यांना तेच वाक्य म्हणत गेले. शेवटी शेवटी ते म्हणताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

फॉर्मची एक जादा प्रत माझ्याकडे राहिली होती. दोन दिवसांनी मी ती घरी माझ्या मुलीपुढे ठेवली. ती तेव्हा पंधरा वर्षांचीच होती. मला बघायचं होतं, ती काय भरते. तिनं मोबाइलवरून नजर न काढता भराभर खुणा केल्या. पुस्तकांच्या प्रश्नावर तिनं अकरा ते पंचवीसवर खूण केली.

आमच्या घरी वडिलांची दोन लोखंडी कपाटं आहेत. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा टेम्पोत पहिल्यांदा ती कपाटं चढली होती. नोकरीत असताना पास मिळायचा, त्यावर ते नागपूरला जात आणि येताना पिशवी भरून पुस्तकं आणत. सगळी मराठी. त्यांचे स्वतःचे वडील अंगठा लावणारे होते. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर दोनदा नमस्कार करावा लागे.

मी मुलीला म्हटलं, "अगं, आजोबांची पुस्तकं?"

"वो तो नाना की हैं."

"घरात आहेत ना? प्रश्न घरात किती, असा आहे."

"मम्मी, अक्षर पढ़ लेती हूँ, समझ में थोड़ी आता है. मेरे लिए तो नहीं हैं ना."

वडील पलंगावर बसून ऐकत होते. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, वाचन बंद होतं. नातीच्या बोलण्याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांनी तसं काही दाखवलं नाही. त्यांनी मला तो कागद काय आहे ते विचारलं. मी सगळं सांगितलं. देशांची यादी, वर कोण, खाली कोण, आपण कुठे.

"मले एक सांग बाई," ते म्हणाले, "त्या वरच्या देशातले पोट्टे कोन्त्या भाषेत पेपर देतात?"

"आपापल्या भाषेत, बाबा."

"अन् आपले?"

"हिंदीत."

"घरी तं छत्तीसगढी बोलतात ते."

मी म्हटलं की हिंदी येते त्यांना, शाळा हिंदीच आहे. ते हं म्हणाले. वाद घालायचा नव्हता त्यांना. पण ते तिथे थांबलेही नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी नातीला संध्याकाळी दहा मिनिटं समोर बसवून एक पुस्तक मोठ्यानं वाचायला लावलं. ती रडतखडत वाचायची. तिला शब्द कळत नव्हते, त्यांना अक्षरं दिसत नव्हती, पण पानं पुढे सरकत होती. मधेच ते हसायचे आणि ती विचारायची, क्या हुआ? मग ते समजावून सांगायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. या दोघांना तो पेपर दिला तर वाचनाचे गुण कोणाला किती पडतील, हे मी एकदा मनात करून पाहिलं आणि सोडून दिलं. आठवड्याभरानं मुलीच्या कोचिंगची वेळ बदलली आणि ते वाचन बंद पडलं.

महिन्याभरानं त्या अधिकाऱ्याचा फोन आला. माझ्या शाळेतला एक फॉर्म जुळत नव्हता. वडील पाचवीपर्यंत, आई निरक्षर, अभ्यासाचं टेबल नाही, स्वतःची खोली नाही, आणि पुस्तकं पाचशेहून जास्त. चुकून खूण झाली असणार, तुम्ही एकदा खात्री करून घ्याल का, असं त्यानं विचारलं. मी त्याला कबाड्याचं सांगितलं.

मग त्यानं मला हा प्रश्न का विचारतात ते समजावलं. मुलांना बापाची कमाई विचारून उपयोग नाही, त्यांना ती ठाऊक नसते. पण घरातली पुस्तकं त्यांना दिसतात. ज्या घरी पुस्तकं जास्त, त्या घरी शिकण्याचं वातावरण जास्त. देशांची तुलना करायची तर घरं सारखी आहेत का, हेही बघावं लागतं. नाहीतर गरीब घरातल्या मुलाची श्रीमंत घरातल्या मुलाशी सरळ तुलना केल्यासारखं होईल, आणि तो अन्याय. मला हे म्हणणं चुकीचं वाटेना. उलट शहाणपणाचं वाटलं. म्हणूनच मी जास्त गोंधळले.

"सगळ्या देशांत पुस्तकाचा अर्थ एकच असतो का, सर?" मी विचारलं.

"साधारणपणे," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही एकदा जाऊन बघून या ना. डोळ्यांनी बघितलं की प्रश्नच मिटला."

मी रविवारी सकाळी स्कूटर काढली. घर शोधायला त्रास पडला नाही. मालधक्क्याच्या भिंतीला लागून पुढे पत्र्याची शेड, मोठा तराजू, मागे दोन खोल्या. मुलगी अंगणात पुठ्ठे चपटे करून सुतळीनं बांधत होती. मला बघून ती हसली आणि आत बापाला बोलवायला गेली.

बाप बाहेर आला. मी कोण, कुठून आले, सगळं सांगितलं. सरकारी संस्था हा शब्द मी काढला आणि त्याचा चेहरा बदलला. मी चौकशीला नाही आले, फक्त तुमच्या मुलीनं फॉर्ममध्ये लिहिलंय की घरी पुष्कळ पुस्तकं आहेत, तेवढं बघायचंय, असं मी म्हणाले. ते म्हणायला नको होतं हे बोलता बोलताच माझ्या लक्षात यायला लागलं. शाळांत सरकार जी पुस्तकं फुकट वाटतं ती रद्दीत सापडली की कबाड्यावर बालंट येतं. त्याला वाटलं मी त्यासाठीच आले.

"किताब?" तो म्हणाला. "हमारे यहाँ एक भी किताब नहीं है, मैडम."

अंगणाच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली माझ्या खांद्याएवढा ढीग होता. ताडपत्रीचं एक टोक वर गेलं होतं आणि खालून पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या. मी तिकडे पाहिलं. त्यानं मी पाहताना पाहिलं. त्याची बायको हळूच उठली आणि ते टोक खाली ओढून त्यावर वीट ठेवून परत येऊन बसली. मोठी मुलगी, सोळा-सतराची असेल, दारात उभी होती. ही शाळेत जाते का, असं मी विषय बदलायला विचारलं. आठवीनंतर सोडली, असं कळलं.

ताडपत्री उचला म्हणणं मला जमलं नसतं. तुम्ही खोटं बोलताय म्हणणंही नाही. धाकटी खाली मान घालून सुतळीला गाठ मारत होती, एकच गाठ पुन्हा पुन्हा. मी पाणी प्याले, ठीक आहे म्हटलं आणि निघाले.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बापानं पाठवलं की आपणहून आली, माहीत नाही. स्कूटरपाशी ती म्हणाली, "मैडम, मैंने झूठ नहीं लिखा था."

"मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि मग हिंदीत पुन्हा म्हटलं.

नंबर, म्हणजे गुण, कटतील का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की या फॉर्मला नंबर नसतात. मग विचारता कशाला, असं ती म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच कळत नसल्यासारखं. मी जमेल तसं समजावलं. दुसऱ्या देशांतली मुलं, तिथली घरं, इथली घरं, बरोबरी. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"उन बच्चों के घर भी कोई देखने गया था?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, बहुतेक नाही गेलं.

तिनं मान हलवली आणि ती परत गेली. तू ती पुस्तकं वाचतेस का, हे मला तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. वाचते म्हणाली असती तर मला आनंद झाला असता, आणि तो आनंद मला नको होता. तिचा पेपर मी पाहिला होता. पाहायचा नसतो, पण पाहिला. काही उत्तरं बरोबर होती, काही चूक. फार हुशार नाही, फार कच्ची नाही. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी अधिकाऱ्याला फोन केला.

"आहेत," मी म्हटलं. "पाचशेहून जास्तच असतील."

"तुम्ही मोजलीत?"

"नाही. झाकलेली होती."

"वडील काय म्हणाले?"

"एकही नाही म्हणाले."

तो हसला, पण ते हसू मधेच थांबलं. "मग मी काय भरू, मॅडम?"

मी त्याला विचार करून सांगते म्हटलं. दोन दिवस विचार केला. मुलीनं लिहिलं ते त्या दिवशी खरं होतं. बापानं सांगितलं ते धडधडीत खोटं होतं, पण हा प्रश्न ज्या कारणासाठी विचारतात ते बघता बापाचं उत्तरच जास्त जवळचं होतं. त्या घरात पुस्तकं होती, ती वाचली जात नव्हती, तोलली जात होती. मग आमच्या घराचं काय? आमची दोन कपाटं भरलेली, वाचणाऱ्याचे डोळे गेलेले, नात म्हणते माझ्यासाठी नाहीत. तिनं सगळी धरली असती तर आम्ही त्या वरच्या देशांतल्या घरांसारखे दिसलो असतो. मी गणिताची बाई. मोजणं मला कधी अवघड वाटलं नव्हतं.

शेवटी मी त्याला म्हटलं, मला ठरवता येत नाही, तुम्हीच ठरवा. त्यानं तो रकाना कोरा ठेवला. अशा वेळी कोरा ठेवायची सोय असते, तो म्हणाला.

माझ्या जाण्याचा परिणाम मात्र कोरा राहिला नाही. मुख्याध्यापकांकडून कळलं की त्या आठवड्यात कबाड्यानं सगळा ढीग ट्रकात घालून पाठवून दिला आणि मुलीला चार-पाच दिवस शाळेत येऊ दिलं नाही. फॉर्ममध्ये तिनं घरची गोष्ट लिहिली म्हणून. मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन समजूत घातली तेव्हा ती परत आली. मी त्यांचे आभार मानले. त्यांनी आधी चार नावं बदला म्हटलं होतं, त्यांत तिचं नाव होतं का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

काही महिन्यांनी निकालाची बैठक झाली. आमच्या शाळांची सरासरी त्या देशांच्या यादीशेजारी ठेवलेली होती, वेगळ्या रंगात. फार खाली नव्हती, वर तर नव्हतीच. एक वरिष्ठ बाई म्हणाल्या की मधल्या देशांना गाठणं शक्य आहे. अधिकाऱ्यानं नम्रपणे सांगितलं की मधले पाच-सहा देश जवळजवळ सारखेच आहेत, त्यांच्यातला फरक मोजण्याच्या चुकीएवढाच आहे, फक्त कागदावर एकाखाली एक छापावे लागतात. मग नंबर कशाला देता, असं कोणीतरी विचारलं. लोक नंबरच विचारतात, तो म्हणाला.

मी हात वर केला. बोलायचं ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, गुढियारीत आठवीनंतर शाळा सोडलेली एक मुलगी मला माहीत आहे. ती उद्या परत शाळेत आली, तशा आणखी दहाजणी आल्या, तर आपली सरासरी बहुतेक खाली येईल. वरच्या देशांत त्या वयाची जवळजवळ सगळीच मुलं शाळेत असतात. म्हणजे आपण चांगलं काम केलं की आपला नंबर घसरणार. ते कुठे दाखवायचं?

वरिष्ठ बाई म्हणाल्या, मुद्दा चांगला आहे. त्यांनी तो वहीत लिहूनही घेतला. अधिकाऱ्यानं बैठक संपल्यावर माझ्याजवळ येऊन सांगितलं की त्यासाठीही एक वेगळा तक्ता असतो, किती टक्के मुलं परीक्षेत धरली गेली याचा, मागच्या पानांवर. तो म्हणाला की तो तक्ता फारसा कोणी बघत नाही, पण असतो. त्यानं मला तो उघडून दाखवला. मी तिथे उभ्या उभ्या तो वाचला. म्हणजे माझी शंका नवी नव्हती, कोणालातरी आधीच आली होती आणि त्यांनी तिची व्यवस्थाही केली होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, मलाही रात्रंदिवस हेच आकडे बघून कधी कधी कळत नाही, मी मुलांबद्दल वाचतोय की कागदाबद्दल." मग त्याला वाटलं असावं की जास्त बोललो. त्यानं विषय बदलला. त्याची पुढच्या वर्षी बदली झाली.

घरी वडिलांना मी निकाल सांगितला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तोवर झालं होतं. त्यांनी विचारलं, "मंग आता काय करून राहिले तुमी लोक?" मी म्हटलं, अहवाल लिहून राहिलो. ते म्हणाले, लिहा.

या वर्षी उन्हाळ्यानंतर मी गुढियारीच्या त्याच शाळेत दुसऱ्या कामासाठी गेले होते. फाटकापाशी मुलींचा घोळका होता, त्यातून एकीनं नमस्ते मॅडम म्हटलं. मी पटकन ओळखलं नाही. ती उंच झाली होती, अकरावीत कॉमर्स घेतलं होतं. बाप कसा आहे विचारलं, ठीक म्हणाली. अजून रागावला आहे का, ते मी विचारलं नाही.

"मैडम, उस परीक्षा का रिजल्ट आया?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आला, केव्हाच आला.

"मैं पास हुई?"

त्या परीक्षेत मुलांचा निकाल नसतो. एकट्या मुलाचे गुण कोणाला कळवायचे नसतात, तसा नियमच आहे. निकाल फक्त शाळांच्या गटाचा, राज्याचा, देशाचा. तिनं दोन तास बसून जे लिहिलं ते एका सरासरीत गेलं होतं, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी तोंड उघडलं आणि हे सगळं हिंदीत कसं मांडावं त्याची जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात तिला मैत्रिणींनी हाक मारली.

"हव," मी म्हटलं. ती खूश झाली, आणि पळत गेली. मी तिथेच उभी राहिले, मी खोटं बोलले की खरं, ते मला ठरवता येईना.